ग्वाल्हेरच्या हवेत कागदाची जाळी: ओरिगामी टेसेलेशनची सुरुवात

एकच कागद, कात्री नाही, डिंक नाही. त्यावर ठरावीक अंतराने घातलेले सारखे पीळ. त्यातून जी नक्षी उमटते ती टेसेलेशन. ग्वाल्हेरच्या हजिरा भागातल्या सूफी संत मुहम्मद गौस यांच्या मकबऱ्याच्या दगडी जाळ्या पाहिल्या की कल्पना येते: एक लहान आकृती ओळखली की सगळी जाळी वाचता येते.

पुस्तकांना कव्हर घालायचा खाकी कागद घ्या, पण प्लास्टिकचा थर नसलेला. झेरॉक्सचा ७५ जीएसएम कागद सरावाला ठीक. मात्र त्याचे तंतू आखूड असतात, चार-पाच वेळा दुमडल्यावर रेषा जिथे छेदतात तिथे भोकं पडतात. ३२ सेंमीचा चौरस कापा आणि दोन्ही कर्ण मोजा. त्यांत एक मिलिमीटरचाही फरक असेल तर पुन्हा कापा, कारण ही चूक पुढे कुठेच भरून निघत नाही.

खरी मेहनत घरं पाडण्यात आहे. कागदाचे १६ भाग करायचे. कड समोरच्या कडेला लावून मधली घडी घाला, उघडा. दोन्ही कडा मध्यावर आणा, उघडा: चार भाग झाले. मग प्रत्येक कड आधी जवळच्या आणि नंतर लांबच्या पाव रेषेवर आणा: आठ. तसंच पुढे सोळा. दुमडलेला कागद पुन्हा दुमडून वेळ वाचवू नका. आतला पदर जाडीएवढा सरकतो आणि घरं लहानमोठी होतात. आडव्या १५, उभ्या १५ रेषा, आणि प्रत्येक रेष उलट बाजूनेही दुमडायची. म्हणजे साठ घड्या, प्रत्येकीवर चमच्याची पाठ फिरवून. दोन बैठकांत केलं तरी चालेल.

आता पीळ. डावीकडून पाचवी आणि खालून पाचवी रेष जिथे छेदते तो बिंदू धरा. त्याभोवतीच्या चार घरांचे बाहेरचे कर्ण जोडले की उभा पतंग दिसतो. शाई संपलेल्या पेनाने तेवढेच चार कर्ण कोरा आणि डोंगरासारखे वर उचला. वरच्या टोकातून वर जाणारी रेष डोंगर, उजवीकडे जाणारी दरी, म्हणजे आत दबणारी घडी. उजव्या टोकातून उजवीकडे डोंगर, खाली दरी. खालच्यातून खाली डोंगर, डावीकडे दरी. डाव्यातून डावीकडे डोंगर, वर दरी. शेजारचे डोंगर आणि दरी मिळून एक चुणी होते; अशा चारही चुण्या अर्ध्याच उभ्या करा. मधला पतंग फुगून वर येईल. त्यावर बोट ठेवून तो आपोआप ज्या बाजूला वळतो तिकडेच दाबा. एखादी चुणी आधीच पूर्ण दाबली तर बाकीच्या अडकतात.

पतंग सपाट बसत नसेल तर जोर लावू नका, मोजा. प्रत्येक टोकाशी तीन डोंगर आणि एक दरी असायलाच हवी. बहुतेक वेळा एक रेष उलटी गेलेली असते.

दुसरा पीळ अकराव्या उभ्या रेषेवर घाला, पण आरशातल्यासारखा उलटा: वरच्या टोकातून दरी डावीकडे. शेजारचे पीळ एकाच दिशेचे ठेवले तर डोंगर एकाच रेषेवर येतात, पण एकाची दरी त्याच्या वर आणि दुसऱ्याची खाली पडते, आणि मधली चुणी जुळतच नाही. अकराव्या आडव्या रेषेवर आणखी दोन, बुद्धिबळाच्या पटासारखे आलटून पालटून. एक घर रुंद चुणी दोन घरं खाते, म्हणून चार पिळांनंतर ३२ सेंमीचा कागद २४ सेंमीचा उरतो.

ग्वाल्हेरची हवा इथे फार जाणवते. मे महिन्यात कागद इतका कोरडा होतो की घडीवर तडकतो. कूलर चालू असलेल्या खोलीत तासभर ठेवलात तर मऊ पडतो. झोतासमोर मात्र बसू नका, एक बाजू जास्त फुगते. श्रावणात उलट: चुण्या रात्रीतून उघडतात. काम संपलं की जाड वह्यांखाली दोन दिवस दाबून ठेवा.

असे दहा-बारा कागद बिनचूक जमले की ३२ भागांकडे वळा, किंवा षटकोनी नक्ष्यांकडे. त्यासाठी ६० अंशांची रेष लागते: चौरसाच्या मधल्या उभ्या रेषेवर उजवा खालचा कोपरा आणा, घडी डाव्या खालच्या कोपऱ्यातून गेली पाहिजे. दुमडून वर आलेली खालची कड हीच ती रेष. तिच्या कडेने पेन्सिल फिरवून खूण करा, मगच कागद उघडा.