पावसाळ्यात कानाचं मशीन कोरडं ठेवा

कोकणात मिरग लागला की पापडांपासून कपाटातल्या कपड्यांपर्यंत सगळं सर्द होतं. कानाचं मशीनही सुटत नाही. दमट, खारी हवा आणि घाम आत शिरला की आवाज खरखरतो, मध्येच तुटतो. घरच्यांना वाटतं, आजोबांना आणखी कमी ऐकू यायला लागलं.

रात्री मशीन काढलं की कोरड्या मऊ फडक्याने पुसा, बॅटरी बाहेर काढा आणि मशीन सिलिका जेल (ओल शोषून घेणारे दाणे) असलेल्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. बॅटरी मात्र त्या डबीत नको. झिंक-एअर बॅटरी फार कोरड्या हवेत लवकर सुकते. निळे दाणे गुलाबी झाले की बदला. कानामागच्या मशीनच्या नळीत पाण्याचा थेंब अडकलेला दिसला, तर नळी मशीनपासून सोडवून छोट्या रबरी फुग्याने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, श्वासातही ओल असते. चुलीजवळ किंवा उन्हात वाळवणं तर अजिबात नको.

एवढ्यावरही आवाज दबकाच राहिला, तर आधी डॉक्टरांकडून कानातला मळ तपासून घ्या, मग ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं याची तपासणी, करा. नवं मशीन घ्यायचं की नाही, ते त्यानंतर ठरवा.