पहिला भाग तर भारी होता, आता दुसरा घ्यायचा का? फॅन्टसी सिक्वेल जोखायची पद्धत

फॅन्टसी सिरीजचा पहिला भाग आवडला की लगेच दुसरा उघडायचा आणि पन्नास-साठ पानांत "छे, ती मजा नाही राव" म्हणत बाजूला टाकायचा, हे आपण जवळपास सगळेच करतो. पण पहिल्या भागातली मजा कशाची असते बघा, नवीन नकाशा, जादूचे नियम हळूहळू कळत जाणं, कोण कुठल्या घराण्यातला आणि कोणाचं कोणाशी वाकडं. ही मजा एकदाच मिळते, लेखकाने कितीही जीव काढला तरी तेच जग दुसऱ्यांदा नवीन वाटणार नाहीये. म्हणून दुसऱ्या भागाकडे मागायचं ते वेगळं काहीतरी, आणि ते मिळतंय का हे लवकर ओळखता येतं. पुढे थोडे स्पॉइलर आहेत, आधीच सांगून ठेवतो.

सगळ्यात आधी हे बघा की तो खरंच सिक्वेल आहे का. 'लॉर्ड ऑफ द रिंग्स'चा दुसरा खंड वाचून लोक म्हणतात की याला धड सुरुवात नाही धड शेवट नाही, अहो पण टोल्किनने ती एकच लांबलचक कादंबरी म्हणून लिहिली होती, युद्धानंतर कागद महाग आणि टंचाई, म्हणून प्रकाशकाने 1954-55 मध्ये तिचे तीन खंड काढले. तेव्हा मधला खंड सुटा काढून त्याला मार्क देण्यात काही अर्थ नाही, सलग वाचायचं नाहीतर सोडून द्यायचं. खरा सिक्वेल म्हणाल तर ही अख्खी कादंबरीच 1937 च्या 'द हॉबिट'चा सिक्वेल आहे. आणि गंमत बघा, 'हॉबिट'मधली जादूची अंगठी पुढच्या कथेत इतकी घातक झाली की आधीचं पुस्तक तिच्याशी जुळेना, कारण 'हॉबिट'च्या पहिल्या आवृत्तीत गॉलम, म्हणजे अंगठी बाळगून असलेला तो गुहेतला प्राणी, ती अंगठी कोड्यांच्या पैजेत बक्षीस म्हणून द्यायला चक्क तयार असतो! मग 1951 च्या आवृत्तीत टोल्किनने ते प्रकरणच बदललं. म्हणजे सिक्वेलसाठी मूळ पुस्तक दुरुस्त केलं, आणि आज बहुतेक लोक ती दुरुस्त आवृत्तीच वाचतात.

दुसरी गोष्ट, पहिला भाग संपल्या संपल्या स्वतःला विचारा की आता नेमकं काय उरलंय. एका ओळीत उत्तर आलं पाहिजे. व्हिलन मेला, राज्य मिळालं, सगळं गोड झालं आणि तरी दुसरा भाग आहे, तर त्यात आधीच्या विजयाचा हिशोब चुकता झाला पाहिजे. ब्रँडन सँडरसन या लेखकाच्या 'मिस्टबॉर्न' सिरीजमध्ये हे छान दिसतं, पहिल्या भागात (2006) हजार वर्षं बसलेला सम्राट जातो, आणि 2007 च्या दुसऱ्या भागात प्रश्न हा की आता हे चालवणार कोण, शहराला फौजांचा वेढा पडलाय आणि पुस्तकी आदर्श घेऊन बसलेल्या पोराला राजा म्हणून सगळं निभवायचंय. वेग पहिल्यापेक्षा कमी आहे, मधे बैठका आणि चर्चा जरा जास्तच होतात, मान्य, पण प्रश्न खरा आहे म्हणून पुस्तक धरून ठेवतं. याउलट जुन्या व्हिलनच्या मागे अचानक त्याच्याहून मोठा व्हिलन निघाला आणि पहिल्या भागात त्याचा मागमूसही नव्हता, की समजायचं लेखकाकडे सांगायला फार काही उरलेलं नाही.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, दुसरा भाग आपल्याला उभं कुठे करतो ते बघा. उर्सुला ले ग्विनची 'अर्थसी' सिरीज घ्या. पहिल्या भागात (1968) हीरो गेड, तरुण जादूगार, बेटाबेटांवर फिरतो, आणि 1971 चा दुसरा भाग 'द टूम्ब्स ऑफ अटुआन' उघडला तर गेडचा पत्ताच नाही! त्याऐवजी एक लहान मुलगी, घरातून उचलून आणलेली, नावसुद्धा काढून घेतलेली, ओसाड जागेतल्या थडग्यांची पुजारीण केलेली. खालच्या गुहांमध्ये उजेड न्यायला सक्त मनाई, म्हणून ती हाताने भिंती चाचपत, वळणं मोजत अख्खा भूलभुलैया पाठ करते, आणि मग पुस्तक बरंच पुढे गेल्यावर एकदा त्या अंधारात तिला उजेड दिसतो, जिथे तो कधीच असायला नको तिथे. तो उजेड गेडच्या काठीचा. आपण त्याला आधीपासून ओळखतो पण तिच्यासाठी तो चोर आहे, आणि आपणही काही पानं तिच्याच नजरेने त्याच्याकडे बघत राहतो. इतक्या कमी पानांत असा सिक्वेल मी तरी दुसरा वाचला नाहीये, पहिल्यापेक्षा हाच सरस असं माझं मत, भांडायला तयार आहे.

जादूचं थोडक्यात. पहिल्या भागात जादूची काहीतरी किंमत मोजावी लागत असेल आणि दुसऱ्यात हीरो फुकटात डोंगर हलवत असेल तर पुढे टेन्शन राहत नाही. हीरो फारच पॉवरफुल झाला म्हणून त्याची शक्ती किंवा आठवण गायब करायची, हा तर सरळसरळ रिसेट आहे, तिथे मी पुस्तक मिटतो.

आता रेटिंग. दुसऱ्या-तिसऱ्या भागाचं रेटिंग पहिल्यापेक्षा जास्त दिसलं की लोक हुरळून जातात, पण विचार करा, ज्यांना पहिला आवडला नाही ते पुढे आलेच नाहीत, मग उरले कोण, आधीच प्रेमात पडलेले. त्यामुळे स्टार सोडा, तीन स्टारवाले रिव्ह्यू वाचा, आवडलंय पण कुरकुर आहे असे, काय खटकलं ते तेच लोक नीट सांगतात. पुरस्कारसुद्धा जपूनच बघावेत, पण लेखिका एन. के. जेमिसिनच्या 'ब्रोकन अर्थ' ट्रायलॉजीच्या तिन्ही भागांना 2016, 2017, 2018 असा लागोपाठ ह्युगो (सायन्स फिक्शन-फॅन्टसीतला मोठा पुरस्कार) मिळाला, तिथे दुसरा भाग घेताना फार घाबरायचं कारण नाही.

प्रत्यक्ष वाचताना एक करा, मधे बरेच महिने गेले असतील तर पहिल्याची शेवटची दोन-तीन प्रकरणं परत चाळा, कारण अर्धा कंटाळा "हा कोण होता बरं" यातूनच येतो. मग दुसऱ्या भागाची पाव पुस्तकभर पानं द्या. तोवर कोणीतरी असा निर्णय घेतला पाहिजे जो मागे घेता येत नाही. नुसता प्रवास, जेवणं आणि जुन्या आठवणी चालू असतील तर सोडा.

लांब सिरीजला हा नियम थोडा सैल करावा लागतो. 'व्हील ऑफ टाइम'चे मुख्य 14 भाग, 1990 ते 2013, मधे 2007 ला रॉबर्ट जॉर्डन गेले आणि शेवटचे तीन भाग सँडरसनने त्यांच्या नोट्सवरून पूर्ण केले. त्यातल्या मधल्या रेंगाळणाऱ्या भागांना फॅन मंडळी स्वतःच 'स्लॉग' म्हणतात, तिथे प्रकरणांचा सारांश वाचून पुढे सरकलात तर कोणी पोलीस येत नाही. आणि सिरीज अपूर्ण असेल तर क्लिफहँगरवर, म्हणजे ऐन उत्कंठेच्या क्षणी, संपणारा भाग हातात घ्यायच्या आधी मागचा भाग कधी आला होता ते बघून घ्या, 'साँग ऑफ आइस अँड फायर'चा पाचवा आणि 'किंगकिलर क्रॉनिकल'चा दुसरा भाग दोन्ही 2011 चे, त्यांचे वाचक पुढच्या भागाची वाट बघून बघून थकलेत.