चांदमारीच्या उताराखाली पालेभाजी लावण्याआधी

भातकापणी आटोपली की ठाण्याजवळ दिवा-शिळफाट्याकडे मुळा, पालक, लाल माठाचे वाफे पडायला लागतात. ज्यांचं शेत चांदमारीच्या, म्हणजे गोळीबार सरावाच्या मैदानाच्या उताराखाली येतं, त्यांनी यंदा बी टाकण्याआधी मातीत शिसं आहे का ते तपासून घ्यावं.

गोळीचा गाभा बहुधा शिशाचा, कडकपणासाठी त्यात थोडं अँटिमनी (धातूसारखं विषारी मूलद्रव्य) आणि वर तांब्या-जस्ताचं आवरण. बांधात रुतलेल्या शिशावर पांढरट थर चढतो. आपल्याकडची माती आम्लधर्मी आणि पाऊस धो-धो, त्यामुळे तो थर विरघळतो, गाळाबरोबर नाल्यात आणि तिथून खाचरात येतो. शिसं सहसा खोल जात नाही, वरच्या वीतभर मातीतच बसतं. मेथी-पालकाची मुळंही तिथेच.

मृदा आरोग्य पत्रिकेतल्या 12 घटकांत शिसं नाही. तांबं आणि जस्त मात्र आहेत. मोरचूद किंवा बोर्डो (तांबं असलेली बुरशीनाशकं) कधी मारलं नसताना तांबं चढलेलं दिसलं, तर संशय घ्या. एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत ‘शिसे आणि अँटिमनी’ असं स्पष्ट लिहून द्या. नाल्याच्या तोंडाशी गाळ साचतो तिथला नमुना वेगळा ठेवा. सगळ्या शेताच्या मातीत मिसळलात तर दोष झाकला जाईल. माती लाकडी किंवा प्लास्टिकच्या खुरप्याने काढा, जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याच्या घमेल्यात कालवू नका.

चुना टाकून मोकळं होऊ, असं बरेच जण म्हणतात. चुन्याने शिसं जखडतं हे खरं, पण सामू (पीएच) वाढला की अँटिमनी उलट जास्त सुटतं आणि पाण्याबरोबर पुढे सरकतं. अहवाल हातात आल्यावर सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) दाखवूनच मात्रा ठरवा.

तोवर त्या तुकड्यात भेंडी, दुधी, वाल घ्या, नाहीतर सरळ झेंडू लावा. फळात शिसं कमी उतरतं. पाल्याला धूळ-माती चिकटते आणि मुळा तर मातीतच वाढतो.

उताराखालच्या उथळ विहिरीचं पाणी पिण्यात असेल तर तेही तपासा. शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे. पाणी उकळून शिसं जात नाही, पाणी आटल्याने त्याचं प्रमाण वाढतंच.

आणखी एक. पागाला (मासे धरायच्या फेकजाळ्याला) वजनं ओतायला काही जण चांदमारीतलं शिसं वेचून आणतात आणि पडवीत चुलीवर वितळवतात. तिथे न फुटलेला दारूगोळाही असू शकतो, आणि त्या धुराची पूड घरभर बसते. रांगतं पोर हात तोंडात घालतं, आणि शिशाचा सगळ्यात मोठा घाव लहान मुलांच्या मेंदूवर होतो. वजनं बाजारातून तयार आणा.