बाउलाचे गाणे भणितेपर्यंत कसे ऐकावे

कोलकात्यात बाउलांचा, म्हणजे बंगालमधील साधक लोकगायकांचा, शोध सभागृहांच्या जाहिरातींपासून सुरू करू नये. हावड्याहून बोलपूर-शांतिनिकेतनकडे जाणारी गाडी धरावी आणि वातानुकूलित डब्याऐवजी साध्या डब्यात बसावे. वाटेत एखादा भगव्या वेशातला गायक एकतारा घेऊन चढण्याची शक्यता तेथे अधिक असते, जरी पूर्वीइतके बाउल आता या वाटेवर भेटत नाहीत. काखेत दाबून धरलेले, तार ओढून छेडायचे वाद्य दिसले, तर तो खमक आहे; त्याचा स्वर ताणानुसार चढतो आणि उतरतो.

गाणे सुरू झाल्यावर मोबाइल बाहेर काढण्याची घाई करू नये, कारण ऐकण्याची खरी जागा शेवटी असते. आपल्या अभंगात ‘तुका म्हणे’ येते, तशी बाउल पदाच्या अखेरच्या कडव्यात रचनाकाराची नाममुद्रा येते. तिला बंगालीत ‘भणिता’ म्हणतात. 1890 मध्ये निधन पावलेले बाउल पदकार लालन फकीर यांची पदे आजही या मुद्रेवरून ओळखली जातात. दोन स्थानकांच्या मध्ये पद उरकावे लागते, हॉटेलांच्या अंगणात पाहुणे ओळखीची दोन कडवीच मागतात, आणि अशा वेळी नेमके हेच कडवे गळते, ही गोष्ट मला फार लागते. म्हणून गायकाला थांबवू नये, आणि त्याने पद मध्येच सोडले तर ‘भणिता ऐकवाल का?’ असे आदराने विचारावे.

शब्दांचा अर्थ लगेच लागला नाही, तरी अस्वस्थ होऊ नये. पिंजरा, पक्षी, नदी, घर ही रूपके बहुधा मानवी देहाविषयी असतात, आणि त्या देहातच वसणाऱ्या ‘मनेर मानुष’चा, म्हणजे अंतरीच्या माणसाचा, बाउल शोध घेत असतो. साधनेचे गूढ गुरूकडूनच मिळते, त्यामुळे त्याविषयी खोदून विचारू नये.

पद संपल्यावर पैसे द्यावेत, तेही त्याच्या हाती. या भिक्षेला बंगालमध्येही माधुकरी म्हणतात. घरोघर अन्न मागून शिकलेल्या विद्यार्थ्यांमुळे हा शब्द मराठी घरांना परका नाही. ध्वनिमुद्रण करायचे असल्यास आधी परवानगी घ्यावी.

अधिक वेळ असेल, तर मकरसंक्रांतीला बीरभूम जिल्ह्यात अजय नदीकाठी भरणाऱ्या जयदेव-केंदुलीच्या मेळ्याला जावे. मोठ्या मांडवांतील ध्वनिक्षेपकांच्या गोंगाटापासून दूर एखादा लहान आखाडा, म्हणजे बाउलांच्या मुक्कामाची व गाण्याची जागा, निवडावा, सोबत घोंगडी ठेवावी आणि मध्यरात्रीनंतरच बैठक मारावी, कारण गर्दी ओसरल्यावर बाउल एकमेकांसाठी गाऊ लागतात. तेथे वही जवळ ठेवून प्रत्येक पदाखाली रचनाकाराचे नाव लिहावे. ते ऐकू आले नसेल, तर गायकाने पुढचे पद उचलण्यापूर्वी विचारून घ्यावे.