ईमेलमधला व्हायरस: गेस्ट हाऊसवाल्यांनो, या चुका टाळा

पर्यटन हंगाम जवळ आला की गोव्यात कळंगुट-कांदोळीपासून काणकोणपर्यंत रूम देणाऱ्यांकडे चौकशीचे मेल येऊ लागतात. 'अनोळखी मेल उघडू नका' हा सल्ला इथे कुचकामी, कारण धंदाच अनोळखी माणसांशी. मेल खुशाल वाचा. जपायचं ते जोडलेल्या फाइलला आणि लिंकला.

फाइलचं नाव अर्धंच वाचणं. फाइलच्या नावाचं शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, विंडोज सहसा लपवतं. त्यामुळे 'पासपोर्ट.पीडीएफ.ईएक्सई' हा प्रोग्राम नुसता 'पासपोर्ट.पीडीएफ' दिसतो. मे 2000 मध्ये फिलिपिन्समधून पसरलेल्या 'आय लव्ह यू' व्हायरसची युक्ती हीच होती: वरून टेक्स्ट फाइलमधलं प्रेमपत्र, प्रत्यक्षात स्क्रिप्ट, म्हणजे उघडताच चालणारा छोटा प्रोग्राम. उघडलं की आउटलुकच्या यादीतल्या सगळ्यांना तेच पत्र तुमच्या नावाने रवाना! म्हणजे मेल ओळखीच्याकडून आला, एवढ्यावर विसंबता येत नाही. म्हापशाच्या नेहमीच्या अकाउंटंटचं बिल अवेळी आलं तर सरळ फोन लावा. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' आजच सुरू करून टाका.

झिप फाइल आणि तिचा पासवर्ड एकाच मेलमध्ये. कुलपासोबत किल्ली कोण पाठवतो? पासवर्डमुळे अँटीव्हायरसला आत डोकावता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

वर्ड किंवा एक्सेल फाइलने 'एनेबल कंटेंट' दाबायला सांगितलं तर दाबू नका. त्या बटणाने फाइलमध्ये दडलेले छोटे प्रोग्राम, म्हणजे मॅक्रो, चालू होतात. इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो मायक्रोसॉफ्ट 2022 पासून आपणहून अडवतं, पण जुन्या ऑफिसवर भरवसा नको.

'मी रोबोट नाही' म्हणत कळा दाबणं. हा प्रकार नवा, आणि हॉटेलवाल्यांवरही नेम धरलेला. पाहुण्याची तक्रार म्हणून लिंक येते. पान म्हणतं: विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. झालं, चोराची आज्ञा तुम्ही स्वतःच चालवलीत. खरी कॅप्चा, म्हणजे 'मी रोबोट नाही'वाली चाचणी, असलं काही कधीच सांगत नाही.

आणि क्लिक होऊन गेलंच तर? आधी वायफाय बंद, केबल काढा. बॅकअपची हार्ड डिस्क त्या संगणकाला अजिबात लावू नका, नाहीतर तीही जाईल. पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला, ईमेलचा सर्वांत आधी. बाकी खात्यांचे पासवर्ड त्याच्याच जोरावर बदलता येतात. पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, 'उद्या बँकेत जाऊन बघू' म्हणत बसू नका.