सर्दी लागायच्या आधी काय करायचं

पहिला पाऊस पडला की आमच्या घरात एकजण शिंकतो आणि मग आठवडाभरात नंबर लावल्यासारखे सगळेच. दही खाल्लंस म्हणून झालं, भिजलास म्हणून झालं, हे चालूच असतं पण सर्दी होते व्हायरसने, तसे 200 च्या वर व्हायरस आहेत, त्यातला रायनोव्हायरस सगळ्यात कॉमन. तो दुसऱ्याच्या शिंकेतून नाहीतर हातावरून आपल्या नाकाडोळ्यांत जातो, म्हणून सुरुवात बेसिनपासून करा.

बाहेरून आलं, चप्पल काढली की आधी हात. साबण लावून 20 सेकंद, म्हणजे बे आणि तीनचा पाढा सावकाश म्हणून होईपर्यंत. नखांच्या आत आणि अंगठा सगळेच विसरतात. आणि पुसायला प्रत्येकाचा नॅपकिन वेगळा ठेवा, हे मी ओरडून सांगते! आमच्याकडे बेसिनला एकच लटकलेला असायचा, कायम ओलागच्च, आणि एक महाशय त्यालाच नाक पण पुसायचे, नाव घेत नाही.

मग गुळण्या, दिवसातून तीनदा, साध्या पाण्याने. जपानमध्ये याचा अभ्यास झालाय, 2005 साली छापून आला, साध्या पाण्याने गुळण्या करणाऱ्यांना सर्दी-खोकला कमी झाला आणि गंमत म्हणजे आयोडीनच्या औषधी गुळण्यांचा तसा फायदा दिसला नाही. मीठ घातलं तर घशाला बरं वाटतं, एवढंच.

झोप सात तास तरी हवीच. 2009 च्या एका अमेरिकन प्रयोगात लोकांच्या नाकात मुद्दाम व्हायरसचे थेंब टाकले, तर सातपेक्षा कमी तास झोपणाऱ्यांना सर्दी व्हायची शक्यता जवळपास तिप्पट निघाली. रात्री दीडपर्यंत मोबाईल बघायचा आणि सकाळी काढा प्यायचा, काय उपयोग.

काढ्याने सर्दी अडते असं नाही हं, पण घसा शेकतो, मी करतेच. दोन कप पाण्यात पेराएवढं आलं ठेचून, गवती चहाची तीनचार पाती, थोडी तुळस, उकळून दीड कप करायचं, कोमट झालं की मध. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही.

वाफेनेही सर्दी टळत नाही, नाक मोकळं वाटतं फक्त. मुलांना तर उकळत्या पातेल्यावर बसवूच नका, माझ्याच गुडघ्यावर एकदा ते कलंडलंय, डाग अजून आहे.