कामगार संघटनेची सभासद नोंदवही आणि वर्गणीचा हिशेब

सभासद नोंदवही चिटणिसांच्या कपाटात आणि पावतीपुस्तके खजिनदारांच्या पिशवीत राहिली, की दोन्हींचा मेळ वर्षअखेरीपर्यंत कोणी घालत नाही, आणि मग वार्षिक सभेत ‘सभासद किती?’ या साध्या प्रश्नाला दोन पदाधिकारी दोन उत्तरे देतात. म्हणून स्थानिक संघटनेने सुरुवातीपासूनच हे दोन्ही दस्तऐवज परस्परांशी बांधून ठेवावेत.

प्रत्येक सभासदाकडून सही केलेला प्रवेशअर्ज घ्यावा आणि त्याला कायमचा क्रमांक द्यावा. नोंदवहीत नाव, कर्मचारी क्रमांक, विभाग, प्रवेशाची तारीख आणि वर्गणीचा दर एवढे पुरेसे असते. सभासद निवृत्त झाला, बदलून गेला, त्याने राजीनामा दिला किंवा त्याचे निधन झाले, तरी त्याची नोंद खोडू नये. समोर तारीख आणि कारण लिहावे, आणि तो क्रमांक पुन्हा कोणालाही देऊ नये. ही यादी गोपनीय असते. संघटना नवी असेल आणि व्यवस्थापनाने तिला मान्यता दिलेली नसेल, तर यादी चुकीच्या हाती पडल्याचा त्रास खजिनदारांना नव्हे, यादीतल्या माणसांना होतो.

वर्गणी ठरावीक रकमेची ठेवता येते किंवा वेतनाच्या टक्केवारीत. टक्केवारीची वर्गणी वेतनाबरोबर आपोआप वाढते, मात्र त्यासाठी प्रत्येकाच्या वेतनाची माहिती लागते. लहान संघटनेला ठरावीक रक्कमच झेपते, असे माझे मत आहे. वसुली पगारातून कपातीने होणार असेल, तर प्रवेशअर्जापासून वेगळे संमतिपत्र घ्यावे आणि ते मागे घेण्याची रीतही त्यातच लिहावी. वेतनातून होणारी कपात कायद्याने, सामूहिक कराराने किंवा लवादाच्या निवाड्याने घालून दिलेल्या अटींनुसारच व्हावी, असे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९४९ चा वेतन संरक्षणविषयक करार, म्हणजे करार क्रमांक ९५, सांगतो. आपल्या देशाच्या अटी कोणत्या, हे कपात सुरू करण्यापूर्वी पाहून घ्यावे. रोखीने वसुली असेल तर छापील अनुक्रमांकाची पावती द्यावी, रद्द झालेल्या पावतीच्या सर्व प्रती पुस्तकातच ठेवाव्यात आणि जमा झालेली रक्कम आहे तशी बँकेत भरावी. गोळा झालेल्या पैशांतूनच चहापाणी आणि प्रवासखर्च भागवून उरलेले बँकेत भरण्याची सवय लागली, की जमेची खरी रक्कम कोणत्याच कागदावर उरत नाही.

सर्वांत महत्त्वाचे काम, म्हणजे नोंदवही आणि जमा रक्कम यांची जुळवणी, दर महिन्याच्या शेवटी अर्ध्या तासाचे असते. समजा, नोंदवहीत २४० सभासद आहेत आणि मासिक वर्गणी २० आहे. तर येणे ४,८०० झाले. पावत्या आणि कपातीचे विवरण मिळून ४,१०० जमा दिसत असतील, तर ७०० ची तूट म्हणजे ३५ जणांची वर्गणी आलेली नाही, आणि त्या ३५ जणांची नावे लिहून काढता आली पाहिजेत. नावे ३५ भरली, तर हा थकबाकीचा प्रश्न आहे. २८ च भरली, तर ७ वर्गण्या वाटेत कुठेतरी अडकल्या आहेत आणि त्यांचा शोध त्याच आठवड्यात घ्यावा. मागील थकबाकी या महिन्यात आली असेल, तर ती वेगळ्या स्तंभात दाखवावी, नाहीतर जुन्या पैशांखाली नवी तूट झाकली जाते. थकबाकीदाराला लगेच नोटीस धाडण्याऐवजी विभाग प्रतिनिधीने आधी भेटून विचारावे. आजारपण, बिनपगारी रजा, पगारपत्रक विभागाची चूक, अशी कारणे बऱ्याचदा निघतात. सभासदत्व किती महिन्यांच्या थकबाकीनंतर स्थगित होते, हे संघटनेच्या घटनेत स्पष्ट असावे, कारण मतदारयादीवरचा वाद तिथूनच सुरू होतो.

संघटना महासंघाशी संलग्न असेल, तर संलग्नता शुल्क सामान्यतः सभासदसंख्येवर ठरते. इथे दोन मोह असतात: शुल्क वाचवण्यासाठी संख्या कमी दाखवण्याचा आणि अधिवेशनातील प्रतिनिधित्वासाठी ती फुगवण्याचा. दोन्हींवर उपाय एकच: महिनाअखेरीच्या जुळवणीतून निघालेली वर्गणीदार सभासदांची संख्याच महासंघाला कळवावी.

संप निधी आणि मदत निधी सर्वसाधारण निधीपासून वेगळ्या खात्यांत ठेवावेत. खर्चाला कार्यकारिणीची मंजुरी, व्हाउचर आणि बिल असावे. धनादेशावर दोघांच्या सह्या असाव्यात, आणि कोऱ्या धनादेशावर आगाऊ सही करून ठेवणारा दुसरा पदाधिकारी असून नसल्यासारखाच. किरकोळ खर्चासाठी ठरावीक रोख ठेवावी आणि व्हाउचर दाखवल्यावर तेवढीच पुन्हा भरून द्यावी.

वार्षिक हिशेब कार्यकारिणीत नसलेल्या तपासनिसांनी तपासावेत. त्यांनी फक्त बेरजा न पाहता नोंदवहीतली काही नावे स्वतः निवडून त्या सभासदांना ‘तुमची वर्गणी कोठपर्यंत भरली आहे?’ असे विचारावे आणि उत्तर पावत्यांशी ताडून पाहावे. खजिनदार बदलताना बँक शिल्लक, हातातील रोख, वापरलेली व कोरी पावतीपुस्तके आणि अखेरची जुळवणी यांची यादी करून दोघांनी व एका साक्षीदाराने सही करावी. बँकेतील सह्यांचा बदल पूर्ण होईपर्यंत मोठे खर्च थांबवावेत.